सोयापेंडीला पर्याय हवाच

महोदय,

ब्रॉयलरच्या (मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीच्या) खर्चात जवळपास दोन तृतीयांश वाटा खाद्याचा आणि खाद्यातले प्रथिन म्हणजे सोयापेंड, हे गणित आम्हा मुळशीकडच्या पोल्ट्रीवाल्यांना तोंडपाठ आहे. २०२१ मध्ये पेंड इतकी भडकली, की केंद्राला १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंड आयातीला परवानगी द्यावी लागली.

इथेनॉल कारखान्यांतली मक्याची डीडीजीएस, म्हणजे इथेनॉल काढून उरलेला सुका चोथा, स्वस्त पडते. पण त्यात लायसिन हे वाढीला लागणारे अमिनो आम्ल कमी आणि मका बुरशीचा असेल तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तिपटीच्या आसपास वाढून कोंबडीच्या यकृतावर उठते. लहान पिल्लांना मी ती घालतच नाही. निदान प्रत्येक लॉटमागे तपासणीचा दाखला तरी मिळावा.

मला उत्सुकता आहे कचऱ्यावर वाढणाऱ्या ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांची. वाळवल्यावर सुमारे ४० टक्के प्रथिन! युरोपीय महासंघाने कोंबडीखाद्यात कीटकप्रथिनाला २०२१ मध्येच मान्यता दिली. नाक मुरडणाऱ्यांनो, उकिरड्यावर गावठी कोंबडी दुसरे काय टिपते? दर अजून परवडत नाही, हे खरे. मार्केट यार्डातला भाजीचा कचरा निवडून अशा प्रकल्पांना फुकट दिला, तर दर उतरू शकेल.

– एक पोल्ट्रीधारक, मुळशी (जि. पुणे)