गणपतीला येत नाही, त्याचं कारण

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण आई मधेच "बरं बरं, जेवलीस का" म्हणते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन मोकळे होतात. म्हणून लिहितेय. यंदा गणपतीला मी येत नाही. तिकीट काढलेलं नाही आणि काढणारही नाही. डिसेंबरात तिघंही येतो, चांगले निवांत राहतो. मखर दादाला करू दे, फक्त थर्माकोल नको म्हणावं.

कारण असं, की मी इथे इंग्लंडात विमान चालवायला शिकतेय. लहानसं, दोन सीटचं. आई, खाली बस आधी, मग पुढचं वाच. एकटीने उडवून झालंय आणि नीट उतरवूनही झालंय. परीक्षा आहे ती ऐन गणपतीच्या सुमारास, कारण त्यानंतर इथे ढग जे खाली येतात ते येतातच. पैसे माझ्या पगारातले आहेत, फ्लॅटच्या हप्त्याला हात लावलेला नाही. जावयांना विचारूनच केलंय. म्हणजे सांगून.

आई म्हणणार, पोरगी पदरात असताना ही कसली थेरं! म्हणून एका बाईची हकिकत सांगते. मिसेस व्हिक्टर ब्रूस. नाव मिल्ड्रेड, जन्म १८९५ चा. आमच्या घराजवळ ब्रुकलँड्सचा जुना रेसिंग ट्रॅक आहे, १९०७ सालचा. काँक्रीटच्या वळणाची उंच भिंत अजून उभी आहे, भेगांतून गवत आलंय. तिथे त्या काळच्या रेसवाल्यांबद्दल वाचता वाचता ही सापडली. पंधराव्या वर्षी भावाची मोटरसायकल पळवताना पोलिसांनी धरली, कोर्टाने दंड केला आणि सोळा पूर्ण होईपर्यंत चालवायला बंदी घातली. बाबा, बहादूरशेख नाक्यावर मला लूनासकट धरलं होतं, आठवतं? तुम्ही डेपोतून खाकीतच आलात आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. रात्री मात्र आईला म्हणालात, "ब्रेक बरोबर मारला पोरीने." मी जागी होते.

तर ही बाई. १९२७ साली माँटे कार्लो रॅलीत बायकांचा चषक तिने जिंकला. १९२९ मध्ये पॅरिसजवळच्या माँलेरीच्या ट्रॅकवर साडेचार लिटरची बेंटली सलग २४ तास एकटीने चालवली, सरासरी ताशी सुमारे १४४ किलोमीटर. बाबा, तुम्ही रातराणी काढायचात, तुम्हाला यातलं कळेल. दुसरा ड्रायव्हर नाही, थांबायचं ते फक्त पेट्रोल आणि टायरपुरतं. आणि पुढच्या वर्षी बाईसाहेब लंडनला खरेदीला निघाल्या, तर दुकानाच्या काचेत एक विमान विकायला ठेवलेलं. साडेपाचशे पौंड. त्याच उन्हाळ्यात ती शिकली आणि २५ सप्टेंबर १९३० ला जगाच्या फेरीला निघालीसुद्धा, जेमतेम चाळीस तासांच्या अनुभवावर. आज इथे खासगी वैमानिकाचं साधं लायसन्स (पीपीएल) हवं असेल तरी कमीत कमी ४५ तास भरावे लागतात. म्हणजे त्या बाईपेक्षा मी किती सावध आहे ते बघा!

सगळं सुरळीत झालं असं नाही सांगत. इराणच्या किनाऱ्यावर जास्कच्या अलीकडे ऑइल गळलं आणि विमान वाळूत तोंडावर पडलं. तिथल्या बलुची लोकांनी तिला सांभाळलं. मग विमान दुरुस्त करून कराची, कलकत्ता, रंगून करत २४ नोव्हेंबरला टोकियो. इंग्लंडहून जपानला एकटीने उडत पोचलेली ही पहिलीच बाई. पॅसिफिक तिने बोटीने ओलांडला. लोक त्यावरून नाकं मुरडतात, मला तर तेच शहाणपणाचं वाटतं. बाबा, तुमचे जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते त्यानंतर दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला. हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंय की थोडा दोष तुमच्याकडेही जातो.

तिचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता, आई. १९४१ साली घटस्फोट झाला, हेही सांगून ठेवते, कारण दादा गूगल करून तुला वाचून दाखवणारच. त्याचा संबंध विमानाशी जोडू नकोस. आणि नुसती हौसही नव्हती हो ती. पुढे क्रॉयडनला तिने स्वतःची विमान कंपनी काढली, मालवाहतूक केली, पैसा कमावला. मी काही कंपनी काढत नाही. रविवारी सकाळी दोन तास जाते, दुपारच्या जेवणाला घरी असते. पोरगी वरणभात पोटभर खाते, तिची वेणी मीच घालते.

निघण्याआधी काय करावं लागतं ते बाबांना सांगते. विमानाभोवती पूर्ण फेरी. पंख हाताने चाचपायचे, टायर बघायचे, ऑइलची पट्टी पुसून परत बुडवायची. मग टाकीच्या तळातून थोडंसं पेट्रोल पारदर्शक कपात काढून उजेडात धरायचं. निळसर रंगाचं असतं ते. खाली पाण्याचा थेंब दिसला तर निथळून टाकायचं, जाईपर्यंत. तुम्ही गाडीला फेरी मारल्याशिवाय कधी सीटवर चढला नाहीत, आणि मी तुमच्या मागे मागे टायरना लाथा मारत फिरायचे. शिकवणारे मास्तर म्हणाले, हिला हे सांगावं लागत नाही. मी काही बोलले नाही, गळा दाटून आला होता.

आता माझं ऐका. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन दसऱ्याच्या आत. "आता या वयात काय बघायचंय" हे बंद. मिसेस ब्रूस ८१ व्या वर्षी विमानात बसून हवेत कोलांटी मारून आली आणि ९४ वर्षं जगली. तुम्ही अजून त्र्याहत्तरचेही नाही. बीपीची गोळी दूध प्यायच्या आधी की नंतर हा वाद नको, डॉक्टरांनी लिहून दिलंय, फ्रिजवर चिकटवलंय. आई, मोदक एकवीसच कर, एक्कावन्न नको, गुडघा आहे तुझा तो. उकड काकूकडून काढून घे. आणि पाऊस धरला की तळमजल्यावर कुणीही झोपायचं नाही. पुराच्या वर्षीसारखं "बघू सकाळी" चालणार नाही, पाणी नाक्यापर्यंत आल्याचं कळलं की वर. इन्व्हर्टरची बॅटरी दादाने बदलली का, ते मला फोटो काढून पाठवा.

आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावा. बाप्पापुढे माझ्या नावाने एक नारळ ठेव, आणि गाऱ्हाण्यात विमानाचं नाव घेऊ नकोस, "पोरगी सुखरूप राहू दे" एवढं पुरे. परीक्षा झाली की त्याच रात्री फोन करते, कितीही वाजले असले तरी. नापास झाले तरी करेन.

हे पत्र काकूला दाखवू नकोस. उकड काढायला आली की विचारेल, तेव्हा म्हण, ऑफिसात काम आहे.

तुमची,
चिमी