सही माझी होती, संमती नव्हती

माननीय आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

पहिल्या बाळंतपणासाठी दाखल झाले तेव्हा कळा सुरू होत्या आणि समोर कागद आले. “इथे, इथे आणि इथे सही करा.” मी केली. पुढे जे जे झालं ते सगळं त्या तीन सह्यांत बसवलं गेलं. सलाइनमधून कळा वाढवण्याचं औषध दिलं, वेगवेगळ्या लोकांनी आतून तपासणी केली, कुणी पोटावर जोरात दाब दिला. बाळाला वाट मोठी व्हावी म्हणून योनीमार्गाच्या तोंडाशी छेद दिला होता हे तर मला टाके घालताना कळलं. बाळ सुखरूप आहे ना, मग कशाला बोलायचं, असं सगळे म्हणाले. मीही बरीच वर्षं गप्प बसले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या प्रसूतीविषयक शिफारशी खूप उशिरा माझ्या वाचनात आल्या. सरसकट छेद देऊ नये, बाळ बाहेर यावं म्हणून पोट दाबू नये, बाईला हवी ती व्यक्ती सोबत असू द्यावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलं नाही, एवढ्याच कारणावरून घाई करू नये, असंही आहे. वाचताना मला रडू आलं. मला जे ‘असंच असतं’ म्हणून सांगितलं गेलं, ते तसं असायची गरज नव्हती.

“वेळ कुठे असतो?” हे उत्तर मी नेहमी ऐकते. खऱ्या आणीबाणीत कमी असतो, मान्य. पण “बाळाचे ठोके उतरलेत, छेद द्यावा लागेल, देऊ का?” हे विचारायला किती वेळ लागतो? आणि त्याआधीचे नऊ महिने असतातच की. सिझेरियन केव्हा लागू शकतं, कळा आणण्याच्या औषधाचे फायदे-तोटे काय, प्रसूतीनंतर लगेच गर्भनिरोधक बसवून घ्यायचं का, हे सगळं तपासणीच्या भेटींत शांतपणे बोलता येतं. बाई शुद्धीत असताना तिच्याऐवजी नवऱ्याला विचारणं तर कुठल्याच कारणाने पटत नाही.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये माँटगोमेरी खटल्यात हेच सांगितलं. मधुमेह असलेल्या त्या बाईच्या बाळाचे खांदे अडकण्याची शक्यता 9 ते 10 टक्के होती. डॉक्टरांनी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर बायका सिझेरियन मागतील. बाळाला कायमचं अपंगत्व आलं. कोणता धोका सांगण्याजोगा आहे हे फक्त डॉक्टरांनी ठरवायचं नसतं, त्या बाईच्या जागी असलेल्या माणसाला तो महत्त्वाचा वाटेल का हे पाहायचं, असं न्यायालय म्हणालं.

माझा राग परिचारिकांवर नाही. त्या रात्री एकटी परिचारिका कितीजणींकडे धावत होती, ते मी पाहिलं आहे. समजावून सांगायला माणसं लागतात आणि ती नेमणं तुमच्या हातात आहे.

म्हणून मागते: दाखल होतानाची एकगठ्ठा सही बंद करा. प्रत्येक उपचाराआधी वेगळं विचारलं जावं. ‘नको’ म्हणणारीवर ओरडणं, तिला घाबरवणं हा गैरवर्तनाचा प्रकार मानला जावा आणि त्याची तक्रार रुग्णालयाबाहेरच्या कुणाकडे तरी करता यावी. घरी जाताना काय केलं आणि का केलं हे बाईला लेखी मिळावं. माझ्या कागदांवर छेदाचा उल्लेख आहे. कारणाची जागा कोरी आहे.

कळावे,
एक आई