जुन्या गोव्यात ऑर्ता शोधताना

पणजी,
9 ऑगस्ट

प्रिय अविनाश,
स. न. वि. वि.

‘कादंबरीसाठी लागणारी कागदपत्रं घरबसल्या वाचता येतात, मग गोव्यात मुक्काम ठोकून काय करतोस, फेणी सोडून?’ असं विचारलंयस. फेणीचं राहू दे, बाकीचं सविस्तर सांगतो.

गार्सिया द ऑर्ताच्या नादाला मला तूच लावलंस, ‘आमच्या निजामशहाचा वैद्य’ म्हणून. 1534 साली हा माणूस लिस्बनहून आला, बुऱ्हाण निजामशहाची त्यानं दवा केली, मुंबई बेट पोर्तुगीज राजाकडून भाडेपट्ट्यानं घेतलं, आणि 1563 मध्ये गोव्यात आपल्या औषधी वनस्पतींचं पुस्तक छापलं. त्याचे आईबाप स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालनं त्यांना बळजबरीनं बाटवलं होतं. गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, बसलं, तरी ऑर्ता 1568 मध्ये सुखानं मेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळलं. 1580 साली त्याचीही हाडं उकरून जाळली. मेलेल्या माणसावर खटला चालवणाऱ्यांच्या चिकाटीला काय म्हणावं!

एवढं कुठंही बसून कळतं. मला हवी होती ती कातारिना. तिच्याबद्दल चार ओळींपलीकडे फारसं काही हाती लागेना, म्हणून म्हटलं, तिनं जे पाहिलं ते आपण पाहावं. आणि तिथंच पंचाईत झाली. जुन्या गोव्यात बसमधून उतरलास की जे जे डोळ्यांत भरतं, त्यातलं तिच्या वेळी जवळजवळ काहीच नव्हतं. बॉम जीझस चर्चचं बांधकाम 1594 चं. से कॅथेड्रलचं आजचं बांधकाम 1562 ला सुरू झालं आणि 1619 ला संपलं, म्हणजे तिनं पाहिलं असेल ते परांच्या, चुन्याच्या घाण्या, चिऱ्यांचे ढीग. इन्क्विझिशनचा वाडा मात्र तेव्हा होता. तो मूळचा आदिलशहाचा, आणि लोक त्याला नुसतं ‘व्हडलें घर’, मोठं घर, म्हणत. आज तिथं मोकळी जागा आहे. सहलीची पोरं त्यावर फोटो काढतात. 1812 साली इन्क्विझिशन कायमचं बंद झालं, कागद बहुतेक नष्ट झाले आणि पुढं वाडाही पाडला. आपल्याकडे पडक्या किल्ल्याचा निदान एखादा बुरूज तरी उरतो रे.

मग कुणीतरी सुचवलं, रोझरी चर्चला जा. टेकडीवर, गर्दीपासून बाजूला. हे 1540 च्या दशकातलं. किल्ल्यासारखं जाड, गोल बुरुजांचं, जांभ्याचं. पावसानं दगड काळपट लाल झालेला, भेगांत नेचे उगवलेले, हात लावला तर शेवाळ बोटांना लागतं. समोर मांडवी आणि पलीकडे दिवाडी बेट, हिरवंगार. हे दृश्य तिनं नक्की पाहिलेलं असणार. आत एक कोरीव थडगं आहे, नाव कातारिना, आणि तिच्या नवऱ्याचं नाव गार्सिया! पण हा गार्सिया द सा, गव्हर्नर. ही दुसरीच जोडी. वाचकाचा गोंधळ नको म्हणून मी हे कादंबरीत घेणार नाही, पण त्या दिवशी तिथून पाय निघेना.

त्या चढावरून खाली येताना मात्र कादंबरी बदलली. ऑगस्टचा उकाडा, सरी थांबल्या की अंगाला चिकटणारी हवा, आणि माझ्या हातात फक्त छत्री, तरी दम लागला. ऑर्ताच्या पुस्तकात सगळे संवाद आहेत: तो स्वतः, आणि रुआनो नावाचा पाहुणा, जो त्यानं कल्पनेनं उभा केलाय. मधेच तो आंतोनिया नावाच्या दासीला हाक मारतो, हे आण, ते आण. ती आणते आणि जाते. एका प्रकरणात तर मुंबईचं त्याचं कूळ आंब्यांची करंडी घेऊन येतं. पुस्तक वाचताना मी या आंतोनियाच्या अंगावरून बिनदिक्कत पुढं गेलो होतो. उतारावर वाटलं, धक्क्यावरून घरापर्यंत हे ओझं कुणी वाहिलं? मालकीणबाईंना पकडून नेलं त्या दिवशी चूल कुणी पेटवली? जबानी द्यायला हिलाही बोलावलं असेल का? कातारिनाच्या मनात मला शिरता येत नव्हतं, तिच्या स्वयंपाकघरात येतंय. आता सगळी गोष्ट आंतोनिया सांगेल. लिहिलेली ऐंशी पानं बाजूला ठेवली आहेत. तुला पाठवलेली तेवढी फाडून टाक.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, भीती वाटते. इन्क्विझिशन म्हटलं की हल्ली लोक वाचायच्या आधीच बाह्या सरसावतात. पण मी ज्या घरात उतरलोय ते ख्रिस्ती घर आहे, आजी रोज पेज वाढतात आणि मला ‘बाब’ म्हणतात. त्यांच्यावर चारशे वर्षांपूर्वीचा हिशेब मांडणारी कादंबरी मला लिहायची नाही. त्याच वेळी कादंबरी गुळमुळीतही नको. ज्यांनी सरण रचलं त्यांची नावं-हुद्दे येतील, धर्मसभेचा थाट येईल, आणि बघायला जमलेली गर्दीही येईल, कारण गर्दीशिवाय असला सोहळा होत नाही. मंगेशी 1560 च्या सुमारास कुशस्थळीहून प्रियोळला हलवला, तेही खुणावतंय, पण तो विषय वेगळ्या कादंबरीचा, आणि कुणीतरी घरातलं, लहानपणापासून ती गोष्ट ऐकलेलं, ती लिहील तर बरं.

गंमत अशी, की पणजीत चर्चसमोरच्या बागेला आज ऑर्ताचंच नाव आहे. संध्याकाळी म्हातारे बाकांवर बसून राजकारण करतात. मीही तिथंच बसून टिपणं काढतो.

आता तुझं काम. बुऱ्हाणशहाच्या बोलावण्यावरून ऑर्ता नगरला निघालाय असं एक प्रकरण आहे. पन्नाशीला आलेला माणूस, बरोबर औषधांच्या पेट्या, चौलला गलबतातून उतरलेला. तू इतके घाट पायांखाली घातलेस, तर सांग, तो कुठून चढेल? मला बोरघाट सोयीचा वाटतो, पण तू नाणेघाटाचाच हट्ट धरशील. कारणासकट लिही. आणि भिंगारच्या बाजूनं नगरचा किल्ला पहिल्यांदा कधी दिसतो, तेही एकदा सायकलवरून जाऊन बघ. गाडीतून नको, अंदाज चुकतो.

वहिनींना नमस्कार. मीराला परीक्षेसाठी शुभेच्छा.

तुझा,
मकरंद