'अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला' असं छापण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भाचीने तहसील कचेरीत खेटे घालून मिळवलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि पेठेतल्या एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावर चढवला. हिरव्या अक्षरांत 'अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला' असं आलं. पुढच्या आठवड्यात फोन आला, दाखला जोडलेलाच नाही, फीची सवलत मिळणार नाही! संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण हे अनेक ठिकाणी चालतं.

मी कर्वेनगरात घरून पीएचपी या संकेतस्थळं बनवायच्या प्रोग्रामिंग भाषेतली कामं करते. त्या पानाच्या पत्त्याच्या शेवटीही 'डॉट पीएचपी' होतं, त्यामुळे काय झालं असावं ते सांगू शकते. पीएचपीत अपलोडची मर्यादा कुणी बदलली नसेल तर 2 एमबी असते. फोनवरचा फोटो सहज त्यापुढे जातो. मग नाव-पत्ता पोचतो, फाइल पोचत नाही. तिच्या जागी त्रुटी क्रमांक 1 येतो, म्हणजे 'फाइल मर्यादेपेक्षा मोठी'. तो प्रोग्रामरने तपासला नाही, तर प्रोग्राम काही अडत नाही. पुढच्या ओळीवर जातो आणि हिरवी अक्षरं छापतो. (फाइल धरून एकूण माहिती 8 एमबीच्या वर गेली तर अख्खा फॉर्मच रिकामा पोचतो, ती आणखी वेगळी गंमत.)

सर्व्हरची डिस्क भरली किंवा फोल्डरला लिहायची परवानगी नसली, तरी तीच गत. फाइल लिहिणारी फंक्शन्स (प्रोग्राममधल्या तयार आज्ञा) अशा वेळी 'फॉल्स', म्हणजे 'जमलं नाही', असं उत्तर परत देतात, वर वॉर्निंगही देतात. पण पानावर वॉर्निंग दिसली की साहेब चिडतात, म्हणून फंक्शनच्या आधी @ लावून मंडळी मोकळी होतात. वॉर्निंग जाते, बिघाड तिथेच. लोकांना ती दाखवू नयेच, पण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदवहीत, नोंद हवी आणि अर्जदाराला 'फाइल मोठी आहे, 2 एमबीच्या आतली जोडा' एवढं मराठीत सांगायला हवं. त्यासाठी चार-सहा ओळी जास्त लिहाव्या लागतात, बस्स.

संकेतस्थळ ताब्यात घेताना संस्थांनी मुद्दाम मोठी फाइल चढवून बघावी, फोल्डरची परवानगी काढून बघावी, आणि मगच कंत्राटदाराचं बिल काढावं. तोपर्यंत, ज्यांच्याकडे अर्ज सादर झाल्याची पावती आहे पण संस्थेकडे दाखला नाही, त्यांना तो प्रत्यक्ष आणून द्यायला मुदत द्यावी.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे