‘लेव्हल टू’ क्लास नव्हे, कंपनी देते

संपादक महोदय,

डिप्लोमाचे निकाल लागले की ठाणे-बेलापूर, तळोजा पट्ट्यात एनडीटीच्या, म्हणजे वेल्ड न तोडता तपासण्याच्या, झटपट कोर्सच्या जाहिराती झळकतात. दहा-बारा दिवसांत तपासणीच्या पाच पद्धतींचे ‘एएसएनटी लेव्हल टू’ मिळेल असे सांगतात. एएसएनटी ही या क्षेत्रातली अमेरिकी संस्था, आणि लेव्हल टू म्हणजे स्वतः तपासणी करून निकाल देऊ शकणाऱ्याचा दर्जा. फी भरण्याआधी मुलांनी आणि पालकांनी काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

हे कोर्स याच संस्थेच्या एसएनटी-टीसी-1ए या शिफारसपत्राच्या नावावर चालतात. त्यात लेव्हल टू देण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्या कंपनीचा आहे, क्लासचा नाही. कंपनीची स्वतःची लेखी कार्यपद्धती लागते. जनरल, स्पेसिफिक आणि प्रॅक्टिकल अशा तीन परीक्षा असतात. प्रत्येकीत किमान 70 आणि सरासरी 80 टक्के गुण हवेत. जवळच्या दृष्टीची तपासणी दरवर्षी. नोकरी सोडली की ते प्रमाणपत्र संपते. नवी कंपनी जुन्या नोंदी विचारात घेऊ शकते, पण सही तिलाच करावी लागते.

आता तासांचा हिशेब पाहा. अल्ट्रासॉनिकसाठी, म्हणजे ध्वनिलहरींनी होणाऱ्या तपासणीसाठी, लेव्हल वन (त्याखालचा दर्जा) आणि टूचे मिळून साधारण 80 तास प्रशिक्षण सुचवले आहे, रेडिओग्राफीसाठीही, म्हणजे किरणोत्सर्गाने वेल्डचा फोटो काढण्यासाठीही, तितकेच. दोन्हींचे 160 तास, म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे वीस दिवस. शिवाय प्रत्यक्ष कामाचे शेकडो तास वेगळे. दहा दिवसांत पाच पद्धती बसवायच्या तर त्यातले काय वगळले, हे क्लासला विचारलेच पाहिजे.

वगळलेले कुठे बाधते? 60 अंशांच्या सिंगल व्ही जॉइंटमध्ये (एका बाजूने व्ही आकारात कापून भरलेल्या जोडात) कडेला फ्यूजन झाले नसेल, म्हणजे धातू वितळून एकजीव झाला नसेल, तर अल्ट्रासॉनिकच्या 60 अंशांच्या प्रोबचा, म्हणजे लहरी सोडणाऱ्या उपकरणाचा, किरण त्या बाजूवर काटकोनात पडतो आणि प्रतिध्वनी परत येतो. फक्त 45 अंशांचा प्रोब फिरवला तर तो प्रतिध्वनी भलतीकडे जातो, स्क्रीन कोरी दिसते आणि रिपोर्टवर ‘स्वीकार्य’ लिहिले जाते. तोच जॉइंट पुढे प्रेशरखाली जातो. ही चूक पुस्तकातून नाही, दोषयुक्त नमुन्यावर तासन्‌तास हात बसवल्यावरच सुटते.

रेडिओग्राफीत आणखी एक पायरी आहे. लेव्हल टू असले तरी इरिडियमचा कॅमेरा, म्हणजे किरणोत्सर्गी इरिडियम ठेवलेले उपकरण, हाताळता येत नाही. त्यासाठी अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्य केलेले स्वतंत्र प्रशिक्षण लागते, आणि अंगावर किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज.

कंपनीवर अवलंबून न राहणारे प्रमाणपत्र हवे असेल, तर आयएसओ 9712 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे स्वतंत्र संस्थेची परीक्षा द्यावी. ते पाच वर्षे चालते. ज्यांना नोकरी लागली आहे त्यांनी प्रशिक्षणाचे तास, पद्धतवार कामाचे तास, गुण आणि डोळ्यांचा अहवाल यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती राजीनाम्याआधी मागून घ्याव्यात. नंतर त्या मिळवणे फार जड जाते.

कंपन्यांच्या भरती विभागांनीही जाहिरातीत नुसते ‘लेव्हल टू हवे’ असे छापू नये. किती तास, कोणती पद्धत आणि परीक्षा आम्ही घेऊ की नाही, तेही लिहावे.

— वेल्डिंग तपासणी क्षेत्रातील काही अभियंते, चेंबूर, मुंबई