कंबर कापडाच्या सोयीची

नाशिक
रविवार

प्रिय मेघा,

तुझी ईरा बार्बीसारखे केस सरळ करून हवेत म्हणून रुसून बसली आहे, आणि या बाहुल्या घरातून काढूनच टाकू का, असं तू विचारलंस. फोनवर हो-नाही सांगता आलं असतं. पण हा माझ्या रोजच्या कात्री-टेपचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिवणकाम न केलेल्या माणसाच्या एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. माप लहान करता येतं, कापड लहान होत नाही. बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे साधारण माणसाच्या एक षष्ठांश. तिचा झगा बेतताना लांबी-रुंदी सहापट कमी करशील, पण सुताची जाडी तीच राहते. कमरेवर शिवण, चुण्या, नेफा आणि वर बंद एवढं एकत्र आलं की बाहुली गोधडी गुंडाळल्यासारखी दिसते. म्हणून आतली कंबर बारीक ठेवायची. कपडा चढला की आकार बरोबर दिसतो. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीच्या डिझाइन विभागाच्या किम कल्मोन यांनी २०१४ मध्ये एका मुलाखतीत याच अर्थाचं सांगितलं होतं: हे शरीर खरं वाटावं म्हणून घडवलेलंच नाही, मुलींना कपडे सहज घालता-काढता यावेत म्हणून घडवलंय. मेघा, ती कंबर कापडाच्या सोयीची आहे. कुठल्याही बाईची ती कधीच नव्हती. आणि आज माप द्यायला उभ्या राहिलेल्या कॉलेजातल्या मुली टेप कमरेला लागताच श्वास आत ओढून धरतात. मी त्यांना सांगते, सोड श्वास, ब्लाउज तुझ्यासाठी शिवायचा आहे.

मुळात बाहुली आणि फॅशन यांचं नातं खेळण्यापेक्षा जुनं आहे. मासिकं नव्हती तेव्हा पॅरिसहून युरोपातल्या दरबारांत नव्या धाटणीचे कपडे घातलेल्या बाहुल्या पाठवत. त्यांना पँडोरा म्हणत. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिची शिवणकार रोझ बेर्तँ अशाच बाहुल्यांवरून आपले नमुने परदेशात पोचवायची. त्या बाहुलीनं कपडा कसा दिसेल एवढंच सांगायचं, बाईनं कसं दिसावं हे नाही. १९४५ मध्ये, युद्धानं कापडाचा दुष्काळ पडलेला असताना, पॅरिसच्या फॅशनघरांनी पुन्हा हेच केलं. तारेच्या सांगाड्याच्या सुमारे सत्तावीस इंची बाहुल्यांना बालेन्सियागा, नीना रिची, लुसियँ ललाँ यांच्या घरांनी कपडे चढवले आणि त्यांचं प्रदर्शन गावोगावी फिरवलं. त्या बाहुल्या अजून अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत. एकदा तरी तिथं जाऊन ते टाके जवळून पाहायचे, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

बार्बीची गोष्ट वेगळी. मॅटेलच्या एक संस्थापक रूथ हँडलर यांनी युरोपच्या प्रवासात लिली नावाची जर्मन बाहुली पाहिली. बिल्ड या वृत्तपत्रातल्या व्यंगचित्रातली ही नटवी तरुणी १९५५ पासून बाहुली म्हणून विकली जात होती, आणि ती मुख्यतः मोठ्या माणसांसाठी होती. त्याच बांध्यावरून ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात बार्बी आली. तिची कपडेपेटी शार्लट जॉन्सन या डिझायनरनं आखली आणि सुरुवातीचे कपडे जपानमध्ये शिवून घेतले. ते जुने कपडे मी फोटोंतून तासन्‌तास पाहिलेत. इवलाली बटणं, आत अस्तर! हे काम पाहून माझ्या मनात आदरच येतो. राग येतो तो १९६५ च्या एका संचाचा. त्यात बाहुलीबरोबर वजनकाटा होता, ११० पौंडांवर अडकवलेला, म्हणजे जेमतेम पन्नास किलो. सोबत वजन कमी करण्याचं चिमुकलं पुस्तक, आणि मागच्या बाजूला सल्ला: खाऊ नका. इथं कापडाची सोय संपली. मुलीला थेट शिकवण सुरू झाली.

याचा परिणाम मोजलाही गेलाय. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या हेल्गा डिटमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००६ मध्ये आला. पाच ते आठ वयाच्या १६२ मुलींना चित्रांच्या गोष्टी दाखवल्या होत्या. बार्बीची चित्रं पाहिलेल्या लहान मुलींना आपलं शरीर कमी आवडलं, आपण आणखी बारीक असावं असं वाटलं. अभ्यासातल्या सर्वांत मोठ्या मुलींत मात्र हा परिणाम तसा दिसला नाही. ईरा आठची आहे. म्हणजे आता बाहुली लपवून फारसं काही साधणार नाही. मनात जे बसायचं ते बसलंय, त्यावर आता बोलायला हवं.

केसांचंही असंच. १९९२ ची टोटली हेअर बार्बी आठवते? पायांपर्यंत केस असलेली. जगभरात तिच्या एक कोटीहून जास्त बाहुल्या खपल्या. ते कृत्रिम धागे, त्यावरून कंगवा सुळकन फिरतो. ईराचे कुरळे केस तिच्या आजीकडून आलेत. ते जिवंत आहेत, पावसाळ्यात फुलतात. ते बाहुलीसारखे वागणार नाहीत, आणि वागायला लावू नयेत. आठ वर्षांच्या डोक्यावर तापलेली इस्त्री किंवा पार्लरची रसायनं नकोतच, यात मी एक पाऊलही मागे घेणार नाही.

आता फॅशनचं. मला वाटतं, बाहुलीचा प्रभाव वीसेक वर्षांनी उगवतो, खेळणारी मुलगी कमावती झाली की. २००१ मध्ये तिकडे ब्रॅट्झ नावाच्या बाहुल्या आल्या: जाड ओठ, ओठांभोवती गडद रेघ, टपोरे डोळे, उंच तळव्यांचे बूट. त्यांच्याशी खेळलेल्या मुली आज मेकअप करतात, शिकवतात, विकतात, आणि ती ओठांची रेघ परत आलीच ना? २०१४ मध्ये मिलानला डिझायनर जेरेमी स्कॉटनं मोस्किनो या फॅशनघरासाठी अख्खी बार्बीच रॅम्पवर उतरवली. २०२२ मध्ये व्हॅलेंटिनो या फॅशनघराचा तो लखलखीत गुलाबी आला, आणि पुढच्या वर्षीच्या बार्बी सिनेमानंतर माझ्याकडे साखरपुड्यांसाठी त्या गुलाबीची रीघ लागली. रंगाला माझी काहीच हरकत नाही. राणी कलर आपल्या पैठणीवर फार आधीपासून आहे, आणि तो सावळ्या अंगावर जास्त खुलतो.

२०१६ मध्ये मॅटेलनं उंच, ठेंगण्या आणि भरल्या अंगाच्या बाहुल्या काढल्या. भरल्या अंगाच्या बाहुलीला जुने कपडे होईनात, म्हणून नवे बेतावे लागले. मला यातलं हेच सर्वांत आवडलं. अंग बदललं तर कपड्यानं बदलावं, माझ्या दुकानात मी एवढंच तर करते.

म्हणून बाहुल्या टाकू नकोस. सुट्टीत ईराला इकडे पाठव, आम्ही दोघी बाहुलीला नऊवारी नेसवू. नऊ वारांचा सहावा हिस्सा म्हणजे दीड वार, पन्हा सातेक इंच पुरेल. येताना एखादी जुनी मलमलची ओढणी पाठव. खण नको, तो जाड पडतो. मलमलसुद्धा कासोटा घालून ओचा खोचला की कमरेशी फुगेलच, आणि मग ती स्वतःच विचारेल की असं का. आधी तिचं माप घेऊ, मग बाहुलीचं, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहू. केसांसाठी खोबरेल आणि रुंद दातांचा कंगवा माझ्याकडे आहे. ती कधी येतेय तेवढं कळव, म्हणजे त्या दिवसांत ऑर्डरी कमी घेईन.

काकूंना नमस्कार.

तुझी,
शुभा