फीत टिकेल, पण वाचणारे यंत्र?

महोदय,

चुंबकीय फीत म्हणजे कालबाह्य वस्तू, असा समज आपल्याकडे आहे व तो चुकीचा आहे. २०११ साली सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जीमेलच्या काही खात्यांतील पत्रे नाहीशी झाली, तेव्हा तो दोष एकाहून अधिक प्रतींना बाधला होता; संगणकांच्या जोडणीपासून अलग ठेवलेल्या फितींवरूनच ती पत्रे परत मिळवण्यात आली.

संगणकातील माहिती साठवण्यासाठी आज वापरल्या जाणाऱ्या एलटीओ या प्रकारच्या फितीचे आयुष्य उत्पादक ३० वर्षांपर्यंत सांगतात. मात्र हा भरवसा सुमारे १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता राखणाऱ्या जागेपुरताच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि लगेच पावसाळी दमट हवा सुरू होते, त्या आपल्या खान्देशात पत्र्याखालच्या खोलीतील कपाटाला हा हिशेब लागू पडत नाही. १९७०-८०च्या दशकांतील अनेक रीळांमध्ये चुंबकीय कणांना धरून ठेवणारा थर हवेतील ओलावा शोषून चिकट झाला आणि फिती यंत्राच्या हेडला चिकटू लागल्या.

त्याहून गंभीर प्रश्न यंत्राचा आहे. २०१२ साली आलेल्या सहाव्या पिढीची एलटीओ फीत २०१७च्या आठव्या पिढीच्या यंत्रात वाचताच येत नाही, म्हणजे फीत धडधाकट असूनही पाच वर्षांत नवे यंत्र तिला परके होते. नासाच्या १९६६-६७मधील, चंद्राची छायाचित्रे घेणाऱ्या लूनर ऑर्बिटर मोहिमांच्या फिती सुस्थितीत होत्या. त्या वाचण्यासाठी मात्र अँपेक्स कंपनीची जुनी यंत्रे शोधून, दुरुस्त करून चालवावी लागली, आणि त्यांतून पहिले चित्र परत हाती आले ते २००८ साली.

म्हणून फितीवर माहिती ठेवणाऱ्या संस्थांनी दोन प्रती दोन गावांत ठेवाव्यात, ठरावीक काळाने त्या वाचून पाहाव्यात आणि यंत्राची पुढची पिढी येताच मजकूर नव्या फितीवर उतरवण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. हा खर्च टाळला जातो, हीच खरी चिंता आहे.

अहिराणीतील लग्नगीते, कानबाईची गाणी आणि वृद्धांच्या ओव्या ज्या कॅसेटांवर ध्वनिमुद्रित झाल्या, त्यांची अवस्था तर याहून नाजूक आहे, कारण चालू स्थितीतील चांगला कॅसेट प्लेअर आणि त्याचे सुटे भाग दरवर्षी दुर्मिळ होत आहेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांनी मिळून एक वातानुकूलित खोली, दोन सुस्थितीतील प्लेअर आणि एक प्रशिक्षित तंत्रज्ञ एवढी व्यवस्था उभारावी, आणि घरोघरच्या कॅसेटा उतरवून मूळ प्रत मालकाला परत देण्याचे काम येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करावे, अशी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, अमळनेर